थळच्या तांडेलाचा जाब

"पुढे काय म्हणाला तो?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"पुढे काही म्हणाला नाही, साहेब."

"तुम्ही प्रश्न त्याला नीट समजावून सांगितलात ना?"

सांगितला होता. आधी शुद्ध मराठीत सांगितला, मग कोळीवाड्यात बोलतात तसा सांगितला. प्रश्न साधा होता. जोमा खलाशी पाण्यात कसा गेला? आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या चांगू तांडेलाने प्रश्न नीट ऐकून घेतला, एकदा मागच्या बाकांकडे पाहिलं आणि सकाळपासून जे बोलत होता तेच पुन्हा बोलला.

"मी नेला. मी परत आनला न्हाय. त्याचा जाब माज्यावर हाय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. मी मनात म्हटलं, गेला हा माणूस. वर्ष-दोन वर्षं तरी आत जातो आता, आणि तेही स्वतःच्या तोंडाने.

मी त्या काळी अलिबागच्या कचेरीत दुभाष्या होतो. हुद्दा इंटरप्रिटर. सन तीसच्या जरा मागे-पुढे असेल ही गोष्ट. प्रांतसाहेब म्हणजे असिस्टंट कलेक्टर. जिल्ह्याच्या एका भागाचा महसूल तेच बघत आणि तिथले फौजदारी खटलेही तेच चालवत. हे साहेब वयाने तरुण होते, मराठीची परीक्षा पास झालेले होते. पुस्तकातलं मराठी त्यांना छान कळायचं. पण थळचा कोळी पुस्तकातलं बोलत नाही, म्हणून त्यांना मी लागायचो.

लोकांना वाटतं, दुभाष्याचं काम म्हणजे पोपटपंची. इकडून ऐकायचं, तिकडे बोलायचं. बोलून बघा एकदा! आमची शपथ अशी असते, की पदरचं काही घालणार नाही, आणि ऐकलेलं काही गाळणार नाही. साक्षीदाराने साहेबाला शिवी हासडली तर ती शिवी इंग्रजीत साहेबाला द्यायची, आणि तीही त्याच तिखटाने. मी कितीतरी गोऱ्या साहेबांना अशा तोंडावर शिव्या दिल्या आहेत आणि त्याचा पगार घेतला आहे. पण एक गोष्ट मात्र करायची नाही. विचारल्याशिवाय स्वतःचं मत द्यायचं नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला हीच शिक्षा होती.

खटला असा होता. चांगू तांडेल थळचा. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. होडी त्याची, जाळं त्याचं, आणि समुद्रात असताना होडीवर शब्दही त्याचाच. वयाने पन्नाशीच्या पुढचा, कमरेत थोडा वाकलेला. त्याच्या होडीवरचा जोमा हा तिशीच्या आतला खलाशी बुडून मेला. प्रेत पुढे किहीमच्या वाळूला लागलं. होडीवर आणखी दोघे खलाशी होते. पोलिसांचं म्हणणं, पाण्याला ओढ लागलेली असताना तांडेलाने जोमाला अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरवलं. म्हणजे निष्काळजीपणाने त्याचा जीव घेतला.

पुरावा काय, तर तांडेलाचेच शब्द. होडी किनाऱ्याला लागल्यावर तांडेल आपल्या घरी गेला नाही. ओल्या कपड्यांनी तसाच जोमाच्या दारात गेला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि जोमाच्या बायकोला सगळ्या वाड्यादेखत म्हणाला, की मी नेला, मी परत आणला नाही, त्याचा जाब माझ्यावर आहे. बातमी कळून आलेला हवालदार गर्दीच्या मागे उभा होता. त्याने ते लिहून घेतलं.

आता कायदा असा आहे, की पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मार खाऊन कोणीही काहीही कबूल करील, म्हणून तशी सोय आहे. पण हे बोलणं पोलिसाशी नव्हतंच. ते एका बाईशी होतं, पोलिसाने ते फक्त ऐकलं. म्हणून ते चाललं. हवालदाराने काही वावगं केलं असं मी म्हणणार नाही. त्याने जे ऐकलं ते अक्षर न बदलता लिहिलं होतं.

वाड्याने तांडेलासाठी अलिबागचा एक वकील लावला होता. वकील हुशार. त्याने तांडेलाला बजावून ठेवलं होतं, की तू असं बोललास हे कबूलच करू नकोस, आणि केलंस तर म्हण, दुःखात बोलून गेलो. कोर्टात पहिलाच प्रश्न आला, तू असं बोललास का? तांडेल म्हणाला, बोललो. दुःखाच्या भरात बोललास का? न्हाय, समजून बोललो. वकिलाने कपाळावर हात मारून घेतला आणि तो पुढे कागद चाळत बसला.

उरलेले दोघे खलाशी तरी काही सांगतील, तर त्यांच्याही तोंडात मिठाची गुळणी. तू काय पाहिलंस? तांडेल बोलला तेच. जोमाला पाण्यात उतरायला कोणी सांगितलं? तांडेल बोलला तेच. प्रॉसिक्यूटरसाहेब खूश. सरकारी बाजू मांडताना एवढे आज्ञाधारक साक्षीदार त्यांना कधी मिळाले नसतील.

मी नागावचा. आमच्या वाडीत थळच्या कोळणी मासे घेऊन यायच्या, त्यांच्या तोंडून मी लहानपणी ही रीत ऐकलेली होती. होडीवरचा माणूस गेला, तर तांडेलाने आधी त्याच्या दारात जायचं, मग स्वतःच्या. दारात उभं राहून सगळं आपल्यावर घ्यायचं. वारा होता, पाणी होतं, जाळं अडकलं, असली कारणं तिथे सांगायची नाहीत. कारण सांगणारा तांडेल त्यांच्या लेखी तांडेलच नाही. मला हे माहीत होतं, आणि मी गप्प उभा होतो, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

माझ्या आधी त्या जागेवर तात्या म्हणून एक गृहस्थ होते. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ते म्हणायचे, इंग्रजाच्या क्रियापदाकडे बघू नकोस रे, त्याच्या शेपटाकडे बघ. शेपूट म्हणजे क्रियापदामागे येणारा तो चिमुकला शब्द. ॲट, फॉर, टू, आफ्टर. 'लुक ॲट' म्हणजे बघणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. 'आस्क' म्हणजे विचारणं, पण 'आस्क फॉर' म्हणजे मागणं. आपण मराठीत अर्थ बदलला की अख्खं क्रियापद बदलतो. ते लोक क्रियापद तेच ठेवतात आणि शेपूट बदलतात. नवा दुभाष्या क्रियापदाचा अर्थ धरून बसतो आणि तोंडघशी पडतो. मला या शेपटांचा नादच लागला होता. जेवताना, फिरायला जाताना मी मनातल्या मनात ती जुळवत बसायचो. घरातली माणसं म्हणायची, याला इंग्रजीचं भूत लागलंय.

तर त्या दिवशी सकाळपासून मी 'जाब' या शब्दाशी झुंजत होतो. माझ्यावर जबाबदारी आहे, असं एक सरळसोट भाषांतर चार्जशीटमध्ये होतं. ते चूक नव्हतं. पण त्यात तांडेल नव्हता. तांडेलाच्या बोलण्यात कोणीतरी विचारील आणि मी उत्तर देईन, असा भाव होता. आणि मला एकदम सुचलं. 'ॲन्सर फॉर'! 'ॲन्सर' म्हणजे नुसतं उत्तर देणं, पण 'ॲन्सर फॉर अ मॅन' म्हणजे एखाद्या माणसाबद्दल जाब द्यायला बांधलेलं असणं. अगदी हेच तर म्हातारा म्हणत होता. मला इतका आनंद झाला, की मी रीत सोडून हात वर केला.

"साहेब, भाषेपुरतं एक बोलू का?"

प्रॉसिक्यूटर भुवया चढवून माझ्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, बोला.

मी म्हटलं, की आरोपीच्या शब्दांना जवळचं इंग्रजी मला आता सापडलं आहे. तो म्हणतो, मी या माणसाबद्दल ॲन्सर करीन. ॲन्सर फॉर हिम. सांगताना माझी छाती जरा फुगलीच होती, खोटं कशाला बोलू.

साहेबांनी ते दोन शब्द स्वतःशी म्हणून पाहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे माणूस ॲन्सर फॉर करतो ते बहुतेक आपल्या गुन्ह्याबद्दल. म्हणजे तो गुन्हा कबूलच करतो आहे, असं तुम्ही मला सांगताय."

प्रॉसिक्यूटरनी मान खाली घालून हसू लपवलं. वकिलाने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच त्याच्या अशिलाला बुडवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. शब्द बरोबर होता, पण त्या शब्दाची इंग्लंडातली सवय वेगळी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांडेलाला त्यातलं काही कळलं नव्हतं. तो शांतपणे उभा होता.

साहेबांनी मात्र टाक उचलला नाही. ते त्या दोन शब्दांवरच घुटमळले होते. भाषा त्यांची होती. तिच्यात काहीतरी कमी पडतंय, हे त्यांच्या कानाला माझ्याआधी जाणवलं.

"हे वाक्य अर्धं आहे," ते म्हणाले. "माणूस कशाबद्दल तरी ॲन्सर करतो, फॉर समथिंग. पण कोणाला तरी करतो. टू समबडी. हा सकाळपासून म्हणतोय की मी जाब देईन, आणि मी विचारलं तर देत नाही. मग तो देणार तरी कोणाला? विचारा त्याला."

मी तांडेलाकडे वळलो. म्हटलं, "बाबा, साहेब विचारतात, तू जाब कोनाला द्यायचा?"

सकाळपासून पहिल्यांदा तो काही नवीन बोलला. हात उचलून मागच्या बाकाकडे बोट केलं.

"तिला. ती विचारील तवा."

मागच्या बाकावर जोमाची बायको मंजुळा बसलेली होती. शेजारी तिची सासू. मंजुळा साक्षीदार नव्हती. पोलिसांनी तिची जबानी घेतली नव्हती, कारण ती काही होडीवर नव्हती, तिला काय ठाऊक असणार. आली होती आपली खटला ऐकायला. वाड्यातल्या बायकांनी सांगितलं म्हणून आली असेल. रीत अर्धीच मला माहीत होती, हे मला तेव्हा कळलं. दारात उभं राहून तांडेल सगळं आपल्यावर घेतो, इथपर्यंत मी ऐकलेलं होतं. पण त्यानंतर घरधनीण विचारील तेव्हा, आणि तिलाच पहिल्यांदा, तो खरं काय झालं ते सांगतो, हे कोळणींनी आम्हां पोरांना कशाला सांगितलं असेल!

म्हातारा कोर्टाला जुमानत नव्हता अशातला भाग नव्हता. जोपर्यंत मंजुळेने विचारलं नव्हतं, तोपर्यंत ती हकिकत दुसऱ्या कोणाला सांगायची त्याला मुभाच नव्हती. सांगितली असती तर ती तिच्यासमोर, तिच्या आधी, परक्याला सांगितल्यासारखी झाली असती. दोन्ही खलाशी त्याच कारणाने गप्प होते. तुरुंगात जायचं, पण हे करायचं नाही, असं त्याने ठरवलेलं होतं, आणि त्याला त्यात काही मोठं वाटतही नव्हतं.

साहेबांनी मंजुळेला पुढे बोलावलं. प्रॉसिक्यूटर उठून म्हणाले, ही बाई साक्षीदारांत नाही. साहेब म्हणाले, कोर्टाने बोलावलेली साक्षीदार म्हणून लिहा.

ती आली. चेहरा कोरडा, डोळेही कोरडे. शपथ घेतली. साहेब विचारत गेले, मी सांगत गेलो. तुझी या माणसाविरुद्ध तक्रार आहे का? न्हाय. का नाही?

"तो माज्या दारात आला. पयला माज्या दारात आला, मग आपल्या. न येता तर मीच हितं आले असते फिर्याद घेऊन."

साहेबांनी हे माझ्याकडून दोनदा सांगून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. मग विचारलं, नवरा कसा गेला, हे तू याला विचारलंस का?

"न्हाय."

"का नाही विचारलंस?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"विचारलं की मंग तो गेलाच," ती म्हणाली.

हे मी इंग्रजीत सांगितलं. यात कुठलंच शेपूट लावायची गरज नव्हती. साहेबांनी टाक पुन्हा खाली ठेवला. तरुण माणूस होता, अजून लग्नही झालेलं नव्हतं बहुतेक. मग त्यांनी मला एक सांगायला सांगितलं, आणि त्या क्षणी मला माझ्या नोकरीचा इतका राग आला, जितका आयुष्यात कधी आला नव्हता. ते म्हणाले, हिला सांगा, की विचारायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं, मी हुकूम करणार नाही. पण तिने विचारलं नाही तर मला जे ऐकलं त्यावरच निकाल द्यावा लागेल. आणि मी ऐकलेलं आहे ते या माणसाच्या विरुद्ध आहे.

मी सांगितलं. गाळायची सोय नव्हती. म्हणजे त्या बाईने एकतर इथे, शंभर डोळ्यांदेखत, आपला नवरा मेला हे मानून घ्यायचं, नाहीतर म्हाताऱ्याला तुरुंगात जाऊ द्यायचं. तिच्या सासूने मागून हळूच म्हटलं, "इचार पोरी." मंजुळेने मागे पाहिलं नाही. ती पिंजऱ्याकडे वळली.

"दादा, कसा गेला?"

तांडेलाने पिंजऱ्याचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि तो बोलायला लागला. एक वाक्य झालं, तसा मी सवयीने इंग्रजीत सुरू झालो. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं.

"आधी तिला ऐकू द्या," ते म्हणाले.

मग मी नुसता उभा राहून ऐकलं. तांडेलाने जे सांगितलं ते असं. त्यांचं जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं असतं. भरती-ओहोटीच्या मधे थोडा वेळ पाणी उभं राहतं, तेवढ्यात ते ओढून घ्यायचं. त्या दिवशी जाळ्याचा दोर खुंटाखाली अडकला, आणि पाणी ओढीला लागलं. तांडेल म्हणाला, राहू दे, पुढल्या पाण्याला येऊ. जोमा म्हणाला, नवं जाळं हाय दादा, ओढीत फाटून जाईल, हा बघ आलोच. आणि उतरला. दोर सुटला. जाळं वर आलं. जोमा आला नाही. तिघांनी दोर टाकले, होडी फिरवली, अंधार पडेपर्यंत हाका मारल्या.

इथे तांडेल थांबला. मला वाटलं संपलं. पण तो तिच्याकडेच बघत होता.

"मी नको बोललो त्याला," तो म्हणाला. "पन मोठ्यानं न्हाय बोललो. जाळं नवं व्हतं."

मंजुळेचा चेहरा हलला. ती म्हणाली, "मोठ्यानं बोलला असतास तरी तो ऐकला नसता. माजं कवा ऐकला तो?"

साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आता माझी पाळी होती.

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्या एका वाक्याशी आलो आणि अडखळलो. मोठ्यानं न्हाय बोललो. म्हाताऱ्याचा सगळा बचाव त्याच्या 'नको'वर उभा होता, आणि त्याने स्वतःच त्याच्यावर पाणी ओतलं होतं. हे वाक्य गाळलं असतं तर कोणाला कळणार होतं? प्रॉसिक्यूटरना कळलं असतं म्हणावं, तर ते पुण्याचे होते, त्यांना कोळ्यांची बोली धड उमगत नव्हती. साहेबांना तर नाहीच. माझ्या जिभेवर अगदी आलं होतं, की एवढं सोडून पुढे जावं. पण मग मंजुळेचं उत्तर कशाला म्हणून सांगायचं? तिने माफ केलं ते याच वाक्याला. ते गाळलं असतं तर त्या दोघांमधला सगळा हिशेबच मी पुसून टाकला असता. मी सांगितलं. हळू आवाजात बोलल्याचंही सांगितलं आणि जाळं नवं असल्याचंही.

प्रॉसिक्यूटर लगेच उठले. म्हणाले, साहेब, यातच सगळं आलं. जाळ्याच्या लोभाने याने माणसाला अडवलं नाही. त्यांचं ते कामच होतं. साहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि दोन्ही खलाशांना पुन्हा पुढे बोलावलं. काय गंमत असते बघा. सकाळी ज्यांच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, ते आता अडवूनही थांबेनात. तांडेल 'नको' बोलला, ते होडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं होतं. त्यातला एक म्हणाला, "तांडेलाला वाटतंय हळू बोललो. मला तर त्या टोकाला ऐकू आलं." हेही मी सांगितलं.

वकिलाने मग उठून दहा मिनिटं भाषण केलं. त्याची तेव्हा गरज उरली नव्हती, पण वाड्याने त्याला आणला होता, त्याने बोलायला पाहिजे होतं.

निकाल त्याच दिवशी झाला. साहेबांनी लिहिलं, की एक माणूस दुसऱ्याबद्दल जाब देणं आपल्या शिरावर घेतो, एवढ्यावरून त्याने त्याला मारलं असं ठरत नाही. तांडेलाने नको म्हटलं होतं, आणि जोमा आपल्या मर्जीने उतरला. आरोपी निर्दोष. मी ते मराठीत वाचून दाखवलं. तांडेलाने मान डोलावली. त्याला सुटल्याचा आनंद झाला असं मला दिसलं नाही. थकलेला दिसला. साहेबांना त्याने रामराम केला, मला केला, आणि बाहेर जाऊन पायरीच्या एका बाजूला उभा राहिला.

मी कागद आवरत होतो, तेवढ्यात बाहेरून रडण्याचा आवाज आला. मंजुळा. पायरीवर बसून सासूच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती. आमचा पट्टेवाला आत आला, म्हणाला, रावसाहेब, बाईला निकाल पसंत नाही वाटतं. तिच्या सासूने नंतर मला सांगितलं, की तो गेल्यापासून ही रडलीच नव्हती. पोरीच्या छातीवर धोंडा बसला होता, आज उठला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. कचेरीत दुभाष्याने रडायचं नसतं, असा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून मी तसाच उभा राहिलो.

मग सगळे वरसोलीच्या वाळूतून थळकडे निघाले. बायका पुढे, खलाशी त्यांच्या मागे, आणि बराच मागे तांडेल.

पुढे नोकरीत मी गप्प आरोपी पुष्कळ पाहिले. साहेब बदलत गेले, आणि प्रत्येक नव्या साहेबाला आरोपी गप्प दिसला की वाटायचं, याच्याकडे उत्तर नाही. मी परवानगी मागून एवढंच म्हणायचो, की साहेब, उत्तर असेलही, ते दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल, जरा बघू या का. बहुतेक वेळा तसं काही निघायचं नाही. आरोपी नुसता लबाड असायचा, आणि साहेब माझ्यावर वैतागायचे. पण विचारून बघायला काय लागतं?